चुकलेला जोड

बाळगोंडा सेलमहून आला की पाण्याआधी वही काढतो.
"अक्काताई, तिकडं आवाज नको म्हणत्यात.
पायात हाय का न्हाई कळू नये, असलं."
आग्र्याचं उलटं :
सून जिन्यात आली की ओसरीवरचा खोकला थांबला पाहिजे.
राजकोटचा शेठ पैंजण हलवूनही बघत नाही,
टंच विचारतो,
आणि पैसे दिवाळीनंतर.

हुपरी सोडून मी गेले ती कोल्हापूरला,
सीपीआरमध्ये, दोनदा.
पण डाख देताना फुंकणीच्या टोकाशी
मला त्यांच्या टाचा दिसतात,
भेगाळलेल्या, हळद लावलेल्या, घाईतल्या.

गेल्या महिन्यात पेट्या बदलल्या.
आग्र्याची घुंगरं सेलमला गेली.
बाळगोंडा फोनवर तीन भाषांत माफी मागत होता,
एकही धड येत नसताना.
माल परत आला. तोलला. मोजला.
चोवीस जोड गेले होते,
तेवीस आले.

त्यानं एक तुटीत लिहिला.
आठवड्यानं तिकडनं त्याचे पैसे आले, पुरते,
घासाघीस नाही, चिठ्ठी नाही.

तेव्हापासून सेलमच्या पट्टीत
कडीपाशी मी एक घुंगरू लपवते.
विचारलंच बाळगोंडानं तर म्हणेन,
हल्ली कमी दिसतंय बाबा.