तोल

एकतीस गळीत हंगाम झाले, मी काट्यावर आहे.
ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, चिठ्ठी.
भरला तोल, रिकामा तोल, वजाबाकी.
मोळ्यांच्या पोटात ओलं पाचट किती,
ते मी इंजिनाच्या आवाजावरून सांगतो.

म्हणून नरसू मल्लावनं विचारलं,
"अण्णा, हिकडनं धरा. किती हुईल?"
तर हाताला दोरी जे सांगत होती
त्यावर माझा विश्वास बसेना.

डोह भिलवडीच्या बराच खाली,
जिथं कृष्णा कोपर टेकून वळते.
नरसूची नाव म्हणजे गुऱ्हाळाची जुनी काईल,
ऊन चढलं की तिच्या तळाला
अजून काकवीचा वास येतो.
रात्री त्यानं दावण टाकलेली,
साठ गळ, कोंबडीची आतडी.
मी पाळी सुटल्यावर तसाच आलो होतो,
खिशात शिक्क्याचं पॅड, बोटं जांभळी.

नरसूच्या बापाला एका शिवड्यानं
काईलीसकट अर्धा कोस वर ओढत नेलेलं.
तळहातावरचा दोरीचा वण
म्हातारा लग्नाच्या पंगतीतसुद्धा दाखवायचा.
तेव्हा मी पंचा मुठीला गुंडाळला,
पाय काईलीच्या काठाला रोवले,
आणि वाट बघितली.

काहीच झालं नाही.
तो वर आला, पुरात वाहून आलेल्या ओंडक्यासारखा.
माझ्या हाताएवढ्या मिशा,
अंगावर खवला नाही, ओल्या पत्र्यासारखी कातडी.
गळ ओठाच्या कडेला नुसता अडकलेला.
एक हिसका, आणि सुटला असता.
त्यानं दिला नाही.
तोंड उघडायचा, मिटायचा,
उघडायचा.

नरसू ओरडला नाही.
ओंजळभर पाणी घेतलं, हुंगलं, सोडून दिलं.
"मळी," म्हणाला.

मग मला दिसलं ते पाणी.
चहाच्या चोथ्याचं.
काठानं पांढरी पोटं वर करून चिलापी,
आणि कावळे इतके पोटभर की उडेनात.

रात्री साडेअकराला मागचा नाला सुटला
तेव्हा मी काट्यावर होतो.
वास आला.
मी उठून खिडकी लावून घेतली.

घाटावर माणसं जमली. कुणीतरी
सांगलीच्या हळदपेठेतला ताणकाटा आणला.
सुई पन्नासवर जाऊन टेकली, तिथंच थरथरली,
मग आतली स्प्रिंग सुटली.
साठ, म्हणालं कोणी. कोणी पंच्याहत्तर.
"अण्णांना इचारा की, त्यांचा जलम गेला तोलण्यात."
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी बूट शोधत होतो.

शिर्क्यांचं बारकं पोरगं माशाशेजारी
फरशीवर आडवं झालं, हात अंगाला लावून,
डोळे मिटून, अगदी माशासारखं.
लोक हसले. मासा वीतभर जास्त भरला.

नरसूनं विकला नाही.
"झगडला न्हाई त्यो. त्येचा भाव कसा करू?"
गळ तेवढा काढून घेतला, धुतला, टोपीत खोचला.
दुपारपर्यंत बाकीच्यांनी वाटे केले.
माझाही एक आला, केळीच्या पानात.
बायको म्हणाली, "एवढ्या मोठ्याचा एवढाच?"
मी म्हणालो, झोपतो.

रजिस्टरला त्या दिवसाची नोंद आहे,
तीन हजार आठशे बारा टन, माझी सही.
आत येणाऱ्या कांडक्या-कांडक्याचा तोल आहे.
मागच्या नाल्यावर काटा नाही.

परवा शिर्क्यांचं पोरगं ट्रॉल्या घेऊन आलं.
मिसरूड फुटलंय, कानात बाळी.
चिठ्ठीसाठी खिडकीशी उभं राहिलं
आणि मी त्याच्याकडे बघतच बसलो,
पायाच्या अंगठ्यापासून छातीपर्यंत, तिथून वर वीतभर.
"काय ओ अण्णा?"
मागची गाडी हॉर्न देत होती.
काही नाही, म्हटलं.
गाडी पुढं घे.