रोजचे चार दिनार

फ्रिजवर यादी चिकटवून गेल्यात बाई:
सकाळी दीड वाटी, रात्री दीड,
डाव्या कानात दोन थेंब,
सोफ्यावर सक्त मनाई.

डांबर तापायच्या आत, पहाटे साडेतीनला
आम्ही दोघं खाली उतरतो.
अजान होईतो जुफैरचा अख्खा रस्ता आमचा,
आणि एसीचं टपटपणारं पाणी.

सुरुवातीचे तीन दिवस दाराशीच निजला,
लिफ्ट वाजली की कान टवकारून.
चौथ्या दिवशी दहीभात चाटूनपुसून खाल्लान्.
यादीत नव्हता.

काल व्हिडिओवर बाई म्हणाल्या, "सिट, रूफस, सिट!"
तो नुसता बघत राहिला.
मी हळूच म्हटलं, "बस रे."
बसला.
सोफ्यावर.

फोन मी जरा वर धरला,
भिंतच दिसेल असा.