काळा कागद

एकाहत्तरच्या डिसेंबरात
तळपदेबाईंनी स्टोव्हवर खळ शिजवली,
माझगावच्या वाचनालयाची तावदानं
काळ्या कागदाने बुजवली.

भोंगा झाला की अख्खी चाळ
कपाटांमधल्या बोळात.
बाई अंधारात पुस्तकं ओळखायच्या
पाठीवरून हात फिरवून.
पोरांनाही तशाच.

हसन मुकादम बोटीवर गेलेला.
त्याची आई शुक्रवारी यायची
पत्र वाचून घ्यायला.
नवं येईना,
तेव्हा बाईंनी जुनंच वाचलं,
तारीख गाळून.
म्हातारीला कळलं असावं.
म्हणाली, परत वाच.

युद्ध संपलं.
आम्ही पाणी लावून कागद सोडवले,
फाटक्या पुस्तकांना त्यांचीच कव्हरं घातली.

हसनने नेलेल्या पुस्तकापुढे
परतीचा रकाना कोरा.
ती एक ओळ बाई
दरवर्षी नव्या रजिस्टरात उतरवायच्या.