तांदळाच्या दाण्याएवढी

आधी पांढरी रेघ होती.
हिरडीलगत, खडूनं ओढावी तशी.
मला वाटलं, दूधच सुकलंय.
ओढणीच्या टोकानं पुसलं. गेलं नाही.

मग महिनाभर मी पाहिलंच नाही,
म्हणजे पाहिलं,
तेजल हसली की रोज पाहिलं
आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

तिची फुई म्हणाली, ‘इतली काय घाबरस व,
दूधना दात शेतस, पडी जातीन.’
शेजारच्या सुमनताईंनी हिशोब काढला,
वीस महिने झाले, अजून अंगावर पाजतेस?
आवाज त्यांनी खालीच ठेवला होता,
पण ‘अजून’ भिंतीपलीकडे गेलं.

युवराज अडावदला केळीच्या पॅकिंगला जातो.
दिवसभर फण्या पाण्यातून काढतो, उलटसुलट करतो,
एका केळावर डाग दिसला तरी
अख्खी फणी बाजूला.
त्या रात्री मोबाइलच्या उजेडात
त्यानं तेजलचा ओठ अंगठ्यानं वर केला
आणि बराच वेळ बोलला नाही.
मी म्हटलं, तुझी बाजूला टाकायची सवय
इथं चालायची नाही.
तो हसला नाही. मीही नाही.

चोपड्यात बसस्टँडमागे, जिना चढून, डॉ. पिंजारी मॅडम.
रस्ताभर मी उत्तरं पाठ केली होती:
बाटली कधीच नाही. साखर नाही.
चहात बुडवलेलं बिस्कीट, ते फक्त पाहुणे आले की.
गुळाचा खडा, तो फक्त रडली की.
आणि त्यांनी काही विचारायच्या आतच
तोंडातून निघून गेलं,
माझ्या दुधानं झालं ना?

मॅडमनी हातमोजा काढला.
म्हणाल्या, एकट्या दुधावर खटला नका भरू.
बिस्किटाचा गाळ, गुळाचा थर,
त्यावर रात्रभर तोंडात राहिलेलं दूध,
आणि झोपेत लाळही कमी, धुणार कोण?
पाजा. पण पुसा.
ब्रश करा, दोनदा. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी.

तांदळाच्या दाण्याएवढी.
तिचा पहिला दात एवढाच होता.
चमच्यावर टक् वाजला
आणि मी गल्लीभर सांगत सुटले होते.

मग ते औषध.
एक थेंब लावायचा, कीड थांबते,
डाग मात्र काळा होतो, पक्का,
दात पडेपर्यंत.
म्हणजे पाच वर्षं,
प्रत्येक लग्नात, अंगणवाडीच्या प्रत्येक फोटोत
ती हसणार
आणि लोक आधी माझ्याकडे बघणार.
मॅडम म्हणाल्या, काळा म्हणजे थांबलेला.
तपकिरी असतो, तो चालू असतो.

सही करताना पेन चालेना.
तेवढ्यात तेजलनं टेबलावरचा प्लॅस्टिकचा जबडा उचलला,
बत्तीसच्या बत्तीस, पांढरेशुभ्र,
आणि त्याचा पापा घेतला.

रात्रीचे दोन. मे महिना. लाइट गेलेली.
गच्चीवर गाद्या, सातपुड्याकडून वाऱ्याचं नाव नाही.
ती चाचपडत येते,
डोळे न उघडता मला शोधते.
मी पाजते.
नाही म्हणायचं ठरवलं होतं,
पण ते संध्याकाळी, उजेडात.

तोंड सुटतं. मान सैल पडते.
उशाशी वाटीत भिजत ठेवलेलं मलमलचं फडकं
बोटाला गुंडाळते,
अंधारात वरचे चार दात पुसत जाते.
एक खडबडीत लागतो.
त्याच्याशी जरा थांबते.

ती झोपेतच चावते.
कचकन, पार हाडापर्यंत.
मी ओरडत नाही.
बोट तसंच ठेवते,
बघते, किती जोर आहे.