समोच्च रेषा

सातवीच्या पुस्तकात एका ओळीची व्याख्या आहे:
समुद्रसपाटीपासून समान उंचीची ठिकाणं
जोडणारी रेषा.
वर्गातल्या चौतिसांपैकी चौघांनी समुद्र पाहिलाय,
तोही सहलीला, ओहोटीचा.

खडू हातात घेऊन मी विचारलं,
तुमच्याकडे नळ किती वाजता येतो?

मग हात खाली येईनात.
दवाखान्याच्या गल्लीत साडेचार.
गिरणीपाशी पाच, करंगळीएवढी धार.
तळजाईच्या चढावर शेवटच्या घरात सहा,
तेही खालच्यांनी मोटर लावली नाही तर.
नाहीतर नळ नुसता सुस्कारे टाकतो, बाई.

साडेचारची घरं साडेचारला जोडली,
पाचची पाचला.
फळ्यावर टेकडी उभी राहिली,
खिडकीबाहेर होती तशीच.

पाचच्या रेषेवरच्या मुली पहिल्या तासाला पेंगतात.
आठ वर्षं मला तो आळस वाटत होता.
सहाच्या रेषेवर सून बघताना
स्वयंपाकाचं नंतर, आधी विचारतात,
कळशी घेऊन जिना चढता येतो का.
साडेचारच्या रेषेवर कुंड्यांत गुलाब आहेत.
सहाच्या रेषेवर झाकणं आहेत,
पिंपाला, हंड्याला, तांब्याला.
बोलण्याला मात्र नाही.

ही टेकडी माझ्याआधी ढेबेकाकांनी काढली,
रोज पहाटे,
रस्त्यातलं झाकण उचलून,
छातीएवढ्या लोखंडी चावीनं
अकरा फेरे डावीकडे.
त्यांचं गाव धरणात आहे.
ते तसं सांगत नाहीत.
एकदा चहा घेताना कपाकडे बघून म्हणाले,
आमच्या खळ्यावरनं येतंय हे,
आणि उरलेला एका घोटात संपवला.

सोपान दुधभातेनं हात वर केला नव्हता.
तुझ्याकडे रे?
नेहमीच असतं, बाई.

तेहेतीस माना वळल्या.
वडील वॉचमन. ओढ्याकाठच्या नव्या इमारतीत
पार्किंगमधली जिन्याखालची खोली.
तिकडं औशाच्या पुढं आठवड्याला एक टँकर यायचा,
इथं तोटी सोडली की येतंच,
हे त्यानं चूक कबूल करावी तसं सांगितलं.

याचं घर कुठे काढू?
सगळ्यात खाली,
की सहाच्याही वर, जिथे फळा संपतो?
अकरा मजले त्याच्या डोक्यावर
आणि पाणी सगळ्यांना एकाच वेळी.

पण रात्री ओढा ऐकू येतो, तो म्हणाला,
भिंतीपलीकडं.
आई चपला उशाशी घेऊन झोपते.

कुणी हसलं नाही.
त्या सप्टेंबरच्या रात्री हे सगळे
दुसरी-तिसरीतले असतील, पण आठवतं.
ओढा आपल्या जुन्या पात्रात परत आला होता,
वळणं सरळ केलेला, सिमेंटच्या नळीत घातलेला;
सातबारा त्याच्या नावावर नव्हता,
हद्द मात्र पाठ होती.
साडेचारची माणसं तेव्हा
सहाच्या रेषेवर चढून आली,
ओल्या गाउनात, कुत्रं काखेत धरून,
आणि वरच्यांनी पिंपांची झाकणं काढली.
पंधरा दिवस टेकडी उलटी होती.
मग भिंत परत बांधली,
दोन फूट जास्त.

सायरा मुल्लाणी, सहाची,
न विचारता उठली.
माझ्या हातातला खडू घेऊन तिनं
सोपानच्या जिन्यापासून आपल्या दारापर्यंत
एक रेघ ओढली,
सगळ्या रेषा कापत.

हे काय गं?
वाट आहे, बाई. पाण्याच्या टाकीमागून.
पळत आलं तर सात मिनिटं.
चप्पल नसली तरी चालतं, काटे नाहीत.

समोच्च रेषा एकमेकींना छेदत नाहीत,
हे वाक्य अजून सांगायचं राहिलं होतं.
परीक्षेला हमखास येतं, दोन गुणांना.

घंटा झाली.
पुढचा तास गणिताचा.
ढगेसर दारात उभे,
आणि फळा कोण पुसणार याची आज
कुणालाच घाई नव्हती.