खिळा कुठे धरेल

मुहर्रकच्या आतल्या गल्लीत
मोत्यांच्या व्यापाऱ्याचं जुनं घर आहे,
आता तिथं चित्रं लावतात.
मला बोलावलं ते चित्र बघायला नाही,
भिंतीला विचारायला.

ही भिंत समुद्राची. पोवळ्याचा दगड,
कधीकाळी ओहोटीला कापून आणलेला,
नखानं खरवडला तरी भुगा.
सकाळपासून ड्रिलची तीन भोकं फुकट गेलेली.
मरियम बाई तोडक्या हिंदीत म्हणाल्या,
धोत्रे, फ्रेमसकट चौदा किलो.
खिळा कुठे धरेल?

बोटाच्या पेरानं ठोकत गेलो.
पोकळ. पोकळ. इथं नुसता चुना.
मग खिडकीपासून दोन हातांवर
भिंत ‘हं’ म्हणाली.

तोवर पेटी उघडली होती.
थर्माकोल, पातळ कागद, आणखी एक कागद,
आणि आत
थंडीतला एक कडा.
खाली ओढा, वर राखेच्या रंगाचं आभाळ,
बाकी सगळा दगड.

मी पाथरवटाचा पोर.
दगडाचं चित्र म्हटलं की हसू येतं,
लोक बटाटे काढतात आणि डोंगर म्हणतात.
हा बटाटा नव्हता.
याला शिरा होत्या, थर होते,
पाणी मुरून फुगलेली एक फट होती,
आणि रंग ब्रशानं नाही, थापीनं ओढलेला.
गिलावा मला ओळखू येतो,
कुणाचा का असेना.

पाटीवर नाव, तिओफिल बर्नो.
फ्रेंच, वास्तववादी, एकच कडा अकरा वेळा रंगवला.
एक गिऱ्हाईक म्हणालं, आभाळात जरा सोनं घाला.
हा म्हणाला, त्या दिवशी नव्हतं.
गिऱ्हाईक गेलं.
मरियम बाईंनी वाचून दाखवलं
आणि शेवटची ओळ: निर्मनुष्य निसर्ग.

मी म्हटलं, बाई, ते चुकलंय.
उजवीकडं खाली बघा, पांढरा ओरखडा.
एक पावसाळा गेला तरी दगड काळवंडतो,
हा ताजा आहे.
सकाळी कुणीतरी फोडलाय
आणि भाकरी खायला ओढ्यापलीकडं गेलाय.
चित्रकारानं त्याला काढला नाही,
पण त्याचं काम खोडलंही नाही.

त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.
पाटी बदलली नाही, ती छापलेली होती.

चुन्यात पाचर बसवली, दोन दिवस वाळू दिली,
मग चढवलं.
त्याचा चुनखडीचा कडा
माझ्या काळ्या कातळाच्या हातांनी
समुद्राच्या दगडावर.
मागं सरून बघितलं, तर एक दोरा डावीकडं कलला होता.
सरळ केला.

फोटो काढायला मनाई होती,
म्हणून रात्री खोलीवरून आण्णांना
तोंडानंच सांगितलं सगळं.
शिरा अशा, फट अशी, ओरखडा इतका.
पलीकडं खोकला. मग बराच वेळ काही नाही.
धूळ त्यांच्या छातीत अजून काम करते,
त्यांनी घण ठेवला त्याला नऊ वर्षं झाली तरी.

मग म्हणाले,
डावीकडून घ्यायला पाहिजे होता त्यानं.
फटीच्या खालच्या शिरेवर. एका घावात आला असता.

मी म्हटलं, आण्णा, तो चित्र काढणारा.
फोडणारा वेगळा.

असू दे, म्हणाले.
सांग त्याला.