त्रेसष्ट झिरो पाच

सेल्समन संभाजीनगरहून आला होता,
बूट दाराबाहेर काढून, टॅब छातीशी धरून.
म्हणाला, मॅडम, दिवसाला किती कॉल सुटतात तुमचे?
मी म्हणाले, सुटलेले मोजायचे कसे?
जो लागलाच नाही त्याची चिठ्ठी कोण लिहिणार?

गंजगोलाईतून आम्ही एमआयडीसीत आलो तेव्हा
दुकान एक, फोन एक, माणसं तीन.
आता मागं गोदाम, वर पट्ट्यांचा माळा,
एक्स्टेंशनची वायर पत्र्यावरून गेलेली,
खारीनं दोनदा कुरतडलेली.
रिंग वाजली की पवन्या गोदामातून ओरडतो,
"घेतलाव, घेतलाव!"
आणि दोन्हीकडून दोघं एकदमच हॅलो.

फोनवर खाजामियाँ. सव्वीस वर्षं.
नाव विचारत नाहीत.
मागच्या खडखडाटावरून मिल ओळखतात:
हा रोलर बिडव्यांचा, हा एलेव्हेटर मुंदड्यांचा,
"पट्टा घसरूलालाय त्यांचा, सी एकशेवीस काढून ठेव रे,
उद्या फोन येतोय बघ."
आणि यायचा.
सेल्समनच्या टॅबमध्ये रंगीत गोल होते, बाण होते.
खडखडाट नव्हता.

म्हणून मी ढकलत गेले.
दिवाळीनंतर बघू. तुरीचा सीझन जाऊ द्या.
जीएसटीचं एकदा निस्तरू.
खरा हिशेब वेगळाच होता:
महिन्याचा हप्ता म्हणजे पवन्याचा अर्धा पगार,
आणि खाजामियाँच्या खुर्चीचं काय करायचं
ते कोटेशनमध्ये कुठंच लिहिलेलं नव्हतं.

फेब्रुवारीत, रात्री साडेआठला,
बिडव्यांचा फोन: त्रेसष्ट झिरो पाच, दोन नग, अर्जंट.
गेलं बासष्ट झिरो पाच.
आतलं भोक तेच, पंचवीस.
बाहेरचा घेर दहा मिलिमीटरनं कमी.
शाफ्टवर नीट बसलं,
हाउसिंगमध्ये नुसतं लडबडत राहिलं.
रात्रभर मिल बंद.
तेलपाणी लावलेली तूर ढिगात तशीच,
सकाळी तिला वास.
बिडवे भांडले नाहीत. बेअरिंग परत पाठवली
आणि पुढचं बिल दुसऱ्या दुकानात फाडलं.

मी पवन्याला झापलं.
त्यानं खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.
अक्षर खाजामियाँचं. सुवाच्य. बासष्ट.

दुपारी डबा न उघडताच ते समोर येऊन उभे राहिले.
"मालकीन, मिशन बदला."
मी म्हणाले, चूक कुणाचीही होते.
"मिल वळखतो मी अजून. आकडा ऐकू येत नाही.
दोन वर्सं झाले, अंदाजानं लिवूलालाव."

दोन वर्षं.
आणि मी हप्ता आणि पगार
एकाच कागदावर मांडून खोडत बसलेली,
त्या कागदावर आता वजन म्हणून
ती परत आलेली बासष्ट झिरो पाच.
भोक तेच. घेर कधीच वाढलेला.

मग बसवलं.
चार लाइनी, रेकॉर्डिंग, बेअरिंगसाठी एक दाबा,
पट्ट्यांसाठी दोन.
आवाज खाजामियाँचाच घ्यायचा असं माझ्या मनात होतं,
पण सातही वेळा माइकसमोर त्यांच्या तोंडून
"कोण बोलूलालंय?" एवढंच निघालं.
शेवटी पवन्याचा घेतला.
तो फारच शुद्ध बोलतो, गिऱ्हाइकं हसतात.

खुर्ची काउंटरला आणली.
रात्री शटर अर्धं ओढल्यावर
खाजामियाँ हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरतात,
आवाज शेवटपर्यंत वाढवून
दिवसभराचे कॉल परत लावतात.
बोलणं नाही ऐकत. बोलण्यामागचं ऐकतात.
काल मधेच हात वर केला, डोळे मिटलेलेच:
"मुंदड्याचा एलेव्हेटर कुरकुरूलालाय."

दोन नग त्रेसष्ट झिरो पाच
बाजूला काढून ठेवलेत.
फोन अजून आलेला नाही.